कर्जतला विचारलं का?

अन्याय झाला तो हिरी ठाकरणीवर, तिच्या सासऱ्यावर आणि कशेळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या त्यांच्या सबंध वाडीवर. केव्हा झाला तेही सांगते, म्हणजे पुढं कुणी ‘असं काही घडलंच नाही’ म्हणायला नको. हिरोशिमावर बाँब पडला त्यानंतरच्या दुसऱ्या वैशाखात, कशेळ्याच्या बाजाराच्या दिवशी, ऊन डोक्यावरून जरा कलल्यावर. आणि ज्यानं हा अन्याय केला त्यानं जन्मात मुंगी मारली नव्हती. तो मानवजात वाचवत होता.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. कर्जतातल्या लोकांना ते लागणार नाही आणि बाहेरच्यांना त्याचा उपयोग नाही. आम्ही सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत असू. हे आदराचं बहुवचन मी सवयीनं वापरते आहे, लायकी तपासून नव्हे.

वकिली त्यांनी केव्हाच सोडली होती. शेवटचा खटला खालापुरातल्या एका बांधाचा होता. बांध कुणाचा, यावर ते इतकं आणि इतकं सुंदर बोलले की निकाल लागेपर्यंत पावसानं बांधच वाहून नेला. दोन्ही पक्षकार घरी गेले. वकीलसाहेबांनी मात्र त्यातून धडा घेतला तो असा, की खालच्या कोर्टात काही अर्थ नाही, जगालाच एक कोर्ट हवं.

लढाईच्या दिवसांत कर्जत स्टेशनाच्या बाजूला दिवे झाकायचा हुकूम होता, तेव्हा ते वॉर्डन झाले आणि त्यांना लोखंडी टोप मिळाला. लढाई संपली. बाकीच्यांनी आपापले टोप परत केले. यांनी केला नाही. मागायला आलेल्या कारकुनाला म्हणाले, “युद्ध संपलं आहे असं मला कुणी लेखी कळवलेलं नाही.” पुढं तो टोप त्यांच्या डोक्यावरच राहिला. सभेत मात्र ते तो काढून टेबलावर उलटा ठेवत आणि त्यात भाजलेले शेंगदाणे असत. जगाच्या नाशावर बोलताना हात मधूनमधून टोपाकडे जाई.

बाँबची बातमी आली त्या आठवड्यात ते घराबाहेर पडले नाहीत. पडले तेव्हा हातात नकाशा होता आणि नकाशावर कंपासनं काढलेली वर्तुळं. स्टेशनावर वडे तळणाऱ्या माणसाच्या कढईपाशी उभे राहून त्यांनी पहिल्यांदा तो प्रश्न विचारला, जो पुढं सगळ्या तालुक्यात त्यांची नक्कल करताना पोरं विचारायची.

“कर्जतला विचारलं का?”

वडेवाला म्हणाला, “काय विचारायचं व्हतं, वकीलसाहेब?”

“बाँब करताना! टाकताना! एका बाँबनं एक शहर जातं. उद्या दहा देशांकडे शंभर असतील. मग कोण उरेल? तू उरशील?”

“मी कढईपाशीच असतो.”

“कढईसकट जाशील! मरायचं सगळ्यांनी, आणि विचारायचं कुणी कुणाला? पाच बड्यांनी पाच बड्यांना! ज्याच्यावर पडायचा तो माणूस त्या टेबलाशी बसलाय का? कर्जतला विचारलं का?”

आता मी चिडून लिहिते आहे तरी हे कबूल करते, की मुद्दा बरोबर होता. आजही बरोबर आहे. चुकीच्या मुद्द्यावर अडून बसलेल्या माणसाची आपण चेष्टा करतो आणि घरी जातो. खरा त्रास होतो तो बरोबर मुद्दा धरून बसलेल्या गाढवाचा.

बेचाळीस सालापासून माझ्या हातांना पत्रकं वाटायची सवय लागलेली. लढाई संपली आणि हात रिकामे झाले. तेवढ्यात या गृहस्थांनी ‘मानवरक्षण मंडळ’ काढलं. मी जाऊन म्हटलं, मला काम द्या. त्यांनी टोपातून मूठभर शेंगदाणे दिले आणि मला सेक्रेटरी केलं. त्या दिवसापासून त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. रस्त्यातसुद्धा, चार बायकांदेखत, “सेक्रेटरी!” वडेवाला खजिनदार झाला, कारण त्याच्याकडे गल्ला होता. मंडळाचं त्यात काही नव्हतं, पण पेटी होती.

मंडळाची पहिली मागणी ही, की अणूची सगळी शक्ती एका जागतिक शासनाच्या ताब्यात द्यावी, कुठल्याही एका देशाकडे ती राहू नये. दुसरी मागणी, की त्या शासनाची राजधानी कर्जत असावी.

हसू नका. त्यांच्याकडे कारण होतं. पुण्याकडे जाणारी प्रत्येक गाडी कर्जतला थांबते, कारण घाट चढायला मागून इंजिन जोडावं लागतं. “मेल असो, व्हाइसरॉयची खास गाडी असो,” ते म्हणत, “कर्जतला थांबल्यावाचून कुणाला वर जाता येत नाही. मानवजातीचंही तेच आहे. आपापल्या देशाच्या वाफेवर ती घाट चढणार नाही. मागून एक इंजिन लागेल. ते कुठं लागतं? कर्जतला!” उन्हाळ्यात राजधानी माथेरानला हलवायची, नेरळहून छोट्या गाडीनं. त्या गाडीत जगाचे पुढारी मावतील का, यावर एक उपसमिती होती.

इंजिन जोडेपर्यंत गाडी थांबे तेवढ्या वेळात ते फलाटावरून उतारूंना भाषण देत. डोक्यावर टोप, हातात छत्री. “बंधुभगिनींनो, आजवर माणसाला मरणाची भीती होती, आता माणुसकीलाच—” इथपर्यंत यायचे, मागून इंजिनाचा धक्का बसायचा आणि गाडी हलायची. मुंबई-पुणे ये-जा करणाऱ्या कितीतरी लोकांना विश्वशासनाची प्रस्तावना पाठ आहे. उपसंहार एकानंही ऐकलेला नाही.

लावणी उरकल्यावर श्रावणात, बाँबला वर्ष झालं तेव्हा, त्यांनी शाळेच्या पडवीत जगाची बैठक भरवली. तिकडं न्यूयॉर्कजवळ राष्ट्रांची मोठी सभा अणूच्या ताब्यावर भांडत होती. एक बडा म्हणत होता, आधी तपासणी मान्य करा, मग मी माझे बाँब मोडतो. दुसरा म्हणत होता, आधी मोडा, मग तपासणीचं बघू. वकीलसाहेब म्हणाले, “हे लोकांना करून दाखवलं की कळेल.” पाच शेतकऱ्यांच्या गळ्यांत पाच देशांच्या पाट्या बांधल्या. आपल्याकडचा माणूस घराबाहेर पडताना कमरेच्या आकडीत कोयता अडकवतोच. तेव्हा कोयता म्हणजे बाँब. प्रत्येकानं कोयता काढून दाराशी ठेवायचा आणि निःशस्त्र होऊन आत यायचं, एवढंच नाटक.

पहिला दाराशी आला आणि थांबला. “मी ठेवतो, पर आदी त्यानं ठेवावा.”

दुसरा म्हणाला, “मी का म्हून? बांधावर गेल्या साली कुनी कोयता उगारला व्हता?”

“ही नाटकाची बैठक आहे!” वकीलसाहेब ओरडले.

“नाटक तुमचं. कोयता माझा हाय.”

शेवटी ठरलं की पाचांनी एकदम ठेवायचे. टाळी वाजली. पाच कोयते दाराशी पडले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वकीलसाहेबांनी डोळे पुसले. मग वडेवाल्यानं वाकून बघितलं. पाचही कोयते जुने, धार गेलेले, एकाला तर मूठच नव्हती. बरे कोयते मंडळींनी घोंगडीखाली ठेवून घेतले होते.

“तपासणी!” वकीलसाहेब गरजले. “तपासनीस नेमा! प्रत्येकाचं घोंगडं उघडा!”

पडवीच्या टोकाला हिरीचा सासरा बसला होता. गोमाबाबा. वाडीवरून काहीबाही विकायला आला होता आणि फुकट गूळपाणी आहे म्हणून टेकला होता. तो बसल्या जागेवरून म्हणाला, “तपासनाऱ्याच्या कमरंचा कोयता कोन तपासनार रं?”

पडवी इतकी हसली की बैठक तिथंच संपली. मला वाटतं न्यूयॉर्कची बैठकही तिथंच अडकली आहे, फक्त तिथं कुणी हसत नाही.

वकीलसाहेब मात्र खचले नाहीत. नाटकानं उलटी साक्ष दिली तर त्यांनी सुलटी साक्ष शोधली. ती खरोखर त्यांनीच शोधली, श्रेय द्यायला हवं. आपल्याकडे भाताच्या रोपासाठी वैशाखात राब भाजतात. वाफ्यावर शेण, पाला, फांद्या, गवत पसरून पेटवायचं, मग त्या राखेत रोप जोमानं उगवतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण काडी ओढायच्या आधी माणूस चार बांधांकडे तोंड करून चार हाका देतो, “राब लावतोय रं हो!” आणि चारी बांधांवरून शेजारी, आग पसरली तर झोडायला, ओले टहाळे घेऊन उभे राहतात आणि उलट हाक येते, “लाव रं हो!” एका बांधावरून उत्तर आलं नाही तर काडी ओढत नाहीत. रोप उशिरा झालं तरी चालेल. हा नियम कुणी लिहिला नाही आणि तो मोडल्याचं मी ऐकलं नाही.

वकीलसाहेबांनी यावर पत्रक काढलं. मीच ते लिहून घेतलं. त्यातलं एक वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही: ‘तिकडे पाच बड्यांना आग विझवण्याला नकार देण्याचा अधिकार आहे, आमच्याकडे प्रत्येक शेजाऱ्याला आग लावण्याला नकार देण्याचा अधिकार आहे. जगाने कोणता घ्यावा?’

सांगा, याहून नेमकं कुणी लिहिलं असेल? ते वाक्य ऐकून मी त्यांच्यासाठी दारोदार हिंडले. आणि त्याच माणसानं पुढं काय केलं ते वाचा.

कशेळ्याच्या बाजूला त्यांची जमीन होती. खाली भातखाचरं, ती सखाराम नावाचं कूळ कसायचं. वर गवताचा मोठा उतार. उताराच्या डोक्यावर ठाकरांची वाडी. दर दिवाळीनंतर वाडीतली माणसं मजुरीनं ते गवत कापत, भारे मुंबईच्या तबेल्यांकडे जात आणि उतार उघडा पडे. तो उघडा उतार हेच वाडीचं कुंपण. खाली राब पेटले तरी आगीला वर चढायला काही उरत नसे.

त्या दिवाळीला वकीलसाहेबांना वाटलं, नुसतं बोलून काय उपयोग, स्वामित्व सोडून दाखवलं पाहिजे. राष्ट्रांना आपण सांगतो की सार्वभौमत्व सोडा, मग आपण काय सोडलं? म्हणून त्यांनी तो उतार मानवजातीला दिला. खरोखर दिला. गवताच्या उत्पन्नावर पाणी सोडलं, घरात बायको बोलायची थांबली, तरी दिला. उताराच्या मधोमध पाटी लावली, मराठीत आणि इंग्रजीत: ‘ही भूमी मानवजातीची आहे. तिच्या संमतीवाचून येथे कोयता चालवू नये.’

वाडीत वाचता येणारं कुणी नव्हतं. इंग्रजी तर नव्हतंच. मानवजातीला मात्र ते छान दिसलं असेल.

गवत कापलं गेलं नाही. मजुरी गेली, ते एक. पौषात गवत पिवळं पडलं, माघात खडखडीत वाळलं, शिमग्यापर्यंत ते माणसाच्या छातीला लागत होतं आणि वाडीच्या कुडांना टेकलं होतं. तेव्हा हिरी गोमाबाबाला घेऊन मंडळाच्या बैठकीला आली. मीच तिला बोलावलं होतं. ठाकरांत सगळ्यांनाच एकेरी बोलतात, देवालाही, कलेक्टरालाही.

“वकिला,” ती उभ्याउभ्याच म्हणाली, “तुजं गवत आमच्या दारात आलंय.”

“ते माझं नाही, बाई. मानवजातीचं आहे.”

“कुनाचं बी असंल. वाळलंय. आमच्या घरांच्या भवती येक पट्टा कापू दे. गवत नको आमाला, कापून तुजं तुला देतो.”

“प्रश्न गवताचा नाही, तत्त्वाचा आहे. आज तुम्ही पट्टा कापाल. उद्या खालचा म्हणेल मला वाट हवी. परवा तिसरा म्हणेल मला छपराला हवं. एकतर्फी कृती! सगळी युद्धं अशीच सुरू झाली.”

गोमाबाबानं विचारलं, “आनि आग येकतर्फी आली तर?”

वडेवाला फिस्सकन हसला. वकीलसाहेबांनी त्याच्याकडे बघून टोप जरा आपल्याकडे ओढला. “आगीसाठी उपसमिती नेमू.”

मग हिरी बोलली. तिला वकीलसाहेबांचं घोषवाक्य माहीत होतं. बाजारात पोरं ओरडायची ते तिनं ऐकलेलंच. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, “पाटी लावलीस. गवत राखलंस. आमच्या दारात आनून ठेवलंस. वाडीला विचारलं का रं?”

मला वाटलं, आता बसला घाव. आता हा माणूस मान खाली घालील, पाटी उपटून आणायला सांगील. वकीलसाहेब उठले. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. त्यांनी टोपातले शेंगदाणे टेबलावर ओतले, टोप डोक्यावर चढवला आणि म्हणाले,

“सेक्रेटरी, लिहा! लिहा हे! आपलं घोषवाक्य डोंगरात पोचलं!”

आणि हिरीच्या पदरात त्यांनी ओंजळभर शेंगदाणे घातले.

हिरीनं त्या शेंगदाण्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “बाय,” ती म्हणाली, “ह्यो बहिरा हाय का?”

मी तिथंच ठराव मांडला, की वाडीला पट्टा कापू द्यावा. वडेवाल्यानं दुजोरा दिला. बैठकीला सखाराम कूळ होता, त्यानंही मालकाकडे न बघता हात वर केला. सगळे बाजूनं. वकीलसाहेब म्हणाले, “ठराव नामंजूर.”

“कसा? विरोधात कोण आहे?”

“विरोधात कुणीही नाही. पण अध्यक्षांची संमती लागते.”

“म्हणजे नकाराधिकार! ज्याच्याविरुद्ध आपण वर्षभर ओरडतो आहोत तोच!”

“सेक्रेटरी, नकाराधिकार निराळा आणि संमतीचा अभाव निराळा.”

“फरक काय?”

“सूक्ष्म आहे.”

वाडीनं मग ठरावाची वाट बघितली नाही. दोन गडी कोयते घेऊन गवतात उतरले. कुणीतरी कर्जतला कळवलं आणि वकीलसाहेब टांगा करून हजर झाले. छत्री उघडून, टोप घालून ते त्या गवतात मांडी घालून बसले. “मानवजातीवर कोयता चालवायचा असेल तर आधी माझ्यावर चालवा.” सत्याग्रह! ज्या हत्यारानं आम्ही सरकारशी लढलो ते हत्यार या माणसानं दोन ठाकरांवर चालवलं, ज्यांना फक्त आपल्या घराभोवती दहा हात मोकळी जमीन हवी होती. मालकाच्या अंगाला कोयता लागला तर काय होतं हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी कोयते आकडीला लावले आणि ते वर गेले.

मी वकीलसाहेबांना तिथंच, गवतात, जे तोंडात आलं ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही भावनाप्रधान आहात.” मी राजीनामा लिहून दिला. त्यांनी तो परत केला. राजीनाम्यालाही अध्यक्षांची संमती लागत होती.

वैशाखात बाजाराच्या दिवशी मी कशेळ्यात हिरीशेजारी बसले होते. ती करवंदं विकत होती. वाडीतली चालती माणसं सगळी बाजारात, वर फक्त म्हातारी आणि पोरं. वाकून करवंदांची पाटी सारखी करताना तिनं मान वर केली आणि तशीच थांबली. मी वळून बघितलं. उतारावर धूर नव्हता, धुराची भिंत होती. करवंदं तिथंच टाकून ती धावली, तिच्यामागं सगळा ठाकरांचा बाजार धावला.

सखारामनं राब पेटवला होता. नियमानं पेटवला होता. चार हाका दिल्या, चारी बांधांवरून उत्तरं आली, शेजारी टहाळे घेऊन उभे राहिले. मग वारा फिरला आणि ठिणगी मानवजातीच्या गवतात गेली. पुढं कुणाच्या टहाळ्याचं काम नव्हतं. छातीएवढं वाळकं गवत आणि वर चढता उतार. माणूस धावून वर पोचायच्या आत आग वर पोचली.

पोरं आणि म्हाताऱ्या मागच्या कड्यानं निघाल्या होत्या, कारण गोमाबाबानं त्यांना हाकलून काढलं. मग तो शेळ्या सोडायला मागं फिरला. शेळ्या सगळ्या आल्या. खालच्या रस्त्यावर त्या आम्हाला भेटल्या, एकीच्या गळ्यात अर्धं दावं होतं. गोमाबाबा आला नाही.

घरं, कणग्या, पेरणीची नाचणी, वरी, सगळं गेलं. पावसाळा तोंडावर.

वकीलसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी आले. राख अजून गरम होती. त्यांनी खिशातून कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली, “मानवजातीच्या वतीनं हे मंडळ दिलगिरी—”

हिरी जळक्या मेढीपाशी बसली होती. ती उठली नाही. “कुठं ऱ्हाती ती?”

“कोण?”

“मानवजात. तुजी कोन लागती ती? तिला आन हितं. कूड बांधाया चार हात लागतील. आमची मानसं कमी हायेत आता.”

वकीलसाहेबांनी मागं उभ्या असलेल्या सखारामकडे तोंड फिरवलं आणि कोर्टात साक्षीदाराला विचारावं तसं विचारलं, “तू हाका दिल्या नव्हत्यास का?”

“दिल्या की. चारी बांधांवरनं लाव म्हनले.”

“वाडीकडून काय उत्तर आलं?”

सखाराम गोंधळला. प्रश्नच त्याला कळेना. “वाडीला कशी देनार हाक, मालक? वाडीला बांध कुठं हाय?”

मी वकीलसाहेबांकडे बघत होते. त्यांनी टोप काढला. त्या टोपाखाली टक्कल आहे हे मी तोवर पाहिलं नव्हतं. ते राखेत उभे होते, आणि मला वाटतं त्या घटकेला त्यांना सगळं कळलं. खरंच कळलं. कारण ते हळू आवाजात म्हणाले,

“सेक्रेटरी, मंडळाच्या घटनेत दुरुस्ती करावी लागेल.”

आणि तिथं उभ्याउभ्या त्यांनी सांगितलेलं कलम असं: ‘आग ज्याच्यापर्यंत पोचू शकते तो शेजारी, मग त्याला बांध असो वा नसो. त्याचा होकार आल्यावाचून कोणीही आग लावू नये.’

जगाच्या रक्षणासाठी माणसांनी आजवर जी कलमं लिहिली असतील त्यांत याहून चांगलं कलम असेल असं मला वाटत नाही. आणि गोमाबाबाच्या राखेत उभं राहिल्यावाचून ते सुचलं नाही, याची चीड मला मरेपर्यंत पुरेल.

कलमाचं पुढं काय झालं? त्यांनी ते स्वच्छ टाइप करून घेतलं आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या सभेला पाठवलं. पाच बड्यांना निरनिराळं पाठवलं. कशेळ्याला पाठवलं नाही. खालच्या चार बांधांवर जाऊन चार शेतकऱ्यांना सांगायचं, की बाबांनो, यापुढं वाडीलाही हाक द्या, एवढं काम होतं. पोस्टाचं तिकीटसुद्धा लागत नव्हतं. ते त्यांना सुचलं नाही. मी सांगितलं तर म्हणाले, “आधी वरून मान्यता येऊ द्या.”

पुढच्या साली मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. निघताना फलाटावर टोप होता, छत्री होती आणि आम्ही दोघं, वडेवाला आणि मी, पोचवायला. का गेले म्हणता? माहीत नाही. एवढं हास्यास्पद, एवढं खरं आणि एवढं निरुपयोगी माणूस पुन्हा भेटणार नाही म्हणून असेल. मागून इंजिन लागत होतं. खिडकीतून ते सुरू झाले, “सेक्रेटरी, मानवजातीला—” धक्का बसला. गाडी गेली. उपसंहार मीही ऐकला नाही.

आता उतार त्यांच्या पुतण्याकडे आहे. तो मानवजातीला ओळखत नाही, गवत विकतो. पण वरचा भाग चढायला लांब पडतो म्हणून गडी तिथलं गवत सोडून देतात, आणि वाडी त्याच जागी पुन्हा उभी आहे, कारण दुसरी जागा तिला कुणी दिली नाही. पट्ट्यासाठी हिरी पुतण्याकडेही गेली होती. तो म्हणाला, बघू. तिकडं मोठ्या सभेतही अणूचं बघूच चाललं आहे. कोयते अजून घोंगडीखालीच आहेत, आणि आता एकाऐवजी दोघांकडे झाले आहेत असं वर्तमानपत्रं म्हणतात.

न्यूयॉर्कला तुम्ही काय करणार आणि मी काय करणार? पण हे पत्रक कर्जत-खालापुरात वाटलं जाईल, आणि ते ज्याच्या हातात पडेल त्याच्या घरात वैशाखात राब भाजला जातो. म्हणून तुम्हालाच सांगते. या वैशाखात काडी ओढायच्या आधी चार हाका द्याल तेव्हा पाचवी द्या. वर वाडीकडे तोंड करा आणि जोरात द्या, तिथली माणसं म्हातारी आहेत. मग थांबा. वरून ‘लाव रं हो’ ऐकू आलं नाही, तर काडी पेटीत परत ठेवा.